पंचवीस मिनिटं

‘तुला नक्की भीती कोणाची वाटते गं?’ असं पुण्याची मैत्रीण फोनवर विचारते तेव्हा तिच्या आवाजात चेष्टा नसते. काळजी असते आणि तिच्या तळाशी थोडी नाराजीही. शाळेत जिच्याबरोबर एका डब्यात जेवलो ती मुलगी साठीकडे झुकताना कमरेला पिस्तूल लावून हिंडते, हे तिच्या गळी उतरत नाही. न्यू जर्सीतला मित्र वाद घालतो, आकडे काढतो, आवाज चढवतो. ऑस्टिनमधली मैत्रीण यातलं काहीच करत नाही. विषय निघाला की ती उठून चहा टाकायला जाते. तिघांत तिचं उठून जाणं मला सर्वांत जास्त लागतं. त्याचं कारण पुढे सांगेन.

भीती कोणाची, याचं खरं उत्तर ‘कोणाचीच नाही’ हे आहे. मला कोणी वैरी नाही. ज्या लोकांत राहते ते भले आहेत. ओढ्याला पाणी येऊन रस्ता तुटला की न बोलावता ट्रॅक्टर घेऊन येतात. एखादा चेहरा डोळ्यांपुढे ठेवून मी पिस्तूल घेतलेलं नाही. मी राहते तिथली अंतरं बघून घेतलं आहे.

टेक्सासच्या मधोमध, ऑस्टिनच्या पश्चिमेला, चुनखडीच्या टेकड्यांचा मुलूख आहे. त्याला हिल कंट्री म्हणतात. टेकड्या म्हटल्यावर सह्याद्री डोळ्यांसमोर आणू नये. या बुटक्या, कोरड्या, पाठ टेकून पडल्यासारख्या. माती एवढी पातळ की खुरपं दोन बोटं आत गेलं की दगडावर वाजतं. लाइव्ह ओकची वाकडी झाडं, सीडरचं रान, मधे मधे निवडुंग. मार्च संपता संपता रस्त्याच्या कडा ब्लूबॉनेटने निळ्या होतात आणि दोन-तीन आठवडे सगळ्या टेक्सासला दुसरं काही सुचत नाही. आमचं घर इथे, ब्लँको काउंटीत, जॉन्सन सिटीच्या पलीकडे. नवऱ्याला तारे बघायचे होते. जवळचं ड्रिपिंग स्प्रिंग्ज २०१४ साली टेक्सासमधली पहिली ‘डार्क स्काय कम्युनिटी’ ठरलं, ती बातमी कापून त्याने फ्रिजवर लावली होती. शहराच्या दिव्यांपासून लांब जायचं म्हणजे बाकी सगळ्यापासूनही लांब जायचं, हे आम्हाला कळत होतं. दवाखाना लांब, वाणसामान लांब, शेजाऱ्याचं फाटक लांब. अमावस्येला अंगणात दुर्बीण लावून तो मला हाक मारायचा. त्या काळोखात आकाशगंगेचा पट्टा एवढा स्पष्ट दिसायचा की पुण्याहून आलेले पाहुणे गप्प होऊन बघत बसायचे. त्या आकाशासाठी ही अंतरं आम्ही राजीखुशीने पत्करली.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, होम हेल्थमध्ये. खुब्याचा सांधा बदललेले, पक्षाघात झालेले, पडून मनगट मोडलेले रुग्ण घरी असतात आणि मी त्यांच्याकडे जाते. माझे रुग्ण चार काउंट्यांत विखुरलेले आहेत. फार्म-टू-मार्केट रस्ते, ओढ्यात उतरून पुन्हा वर चढणारे, तासन्‌तास एकही गाडी न भेटणारे. काही वळणांवर फोनची रेंज जाते ती कुठे जाते आणि कुठे परत येते हे मला पाठ आहे.

अशाच एका रस्त्यावर हिवाळ्यातल्या संध्याकाळी एक पिकअप माझ्या मागे लागली. मी वेग वाढवला की तीही वाढवी. मी हळू केला, वाट दिली, तरी पुढे जाईना. तिचे उंच दिवे माझ्या आरशात भरून राहिलेले. रेंज आली तसा मी ९११ फिरवला. पलीकडची बाई चांगली होती. तिने गाडीचं वर्णन विचारलं, मी कुठे आहे ते विचारलं, आणि मग अगदी शांतपणे सांगितलं की शेरिफचा डेप्युटी काउंटीच्या दुसऱ्या टोकाला आहे, पंचवीस मिनिटं लागतील. गाडी थांबवू नका म्हणाली. फोन तिने ठेवला नाही. दोन ओढे ओलांडून झाल्यावर पिकअप एका फाटकाशी वळली आणि दिसेनाशी झाली. कदाचित तिथे त्याचं घर असेल. कदाचित त्याला घाई नव्हती आणि मागच्याचे दिवे पुढच्याला किती लागतात याचा त्याला पत्ताच नसेल.

हे ऐकल्यावर न्यू जर्सीचा मित्र म्हणाला, ‘म्हणजे काहीच झालं नाही.’ बरोबर आहे. काही झालं नाही. पण त्या रात्री मला जे कळलं ते त्या माणसाबद्दलचं नव्हतंच. ते पंचवीस मिनिटांबद्दलचं होतं. त्यात ना त्या बाईची चूक, ना डेप्युटीची. काउंटी मोठी, माणसं थोडी. तेवढ्या वेळात जे काही व्हायचं ते माझ्या आणि समोरच्याच्या मधेच होणार, आणि समोरचा माझ्यापेक्षा बहुतेक उंच, तरुण आणि ताकदवान असणार. मी रोज लोकांच्या स्नायूंची ताकद मोजते. माझी किती आहे ते मला नीट माहीत आहे.

पोलिसांनी आपलं रक्षण करणं हे त्यांचं कर्तव्यच, असं आपण धरून चालतो. मीही धरून चालले होते. कोलोरॅडोतल्या कॅसल रॉक गावी १९९९ साली एका बाईच्या तीन मुलींना तिच्यापासून वेगळं राहणारा नवरा घेऊन गेला. त्याच्यावर न्यायालयाचा मनाई हुकूम होता. ती संध्याकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत पोलिसांना फोन करत राहिली, शेवटी स्वतः चौकीवर गेली. तिन्ही मुली मारल्या गेल्या. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि २००५ साली सात विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला की पोलिसांनी तो हुकूम अमलात आणावाच, असा घटनादत्त हक्क तिला नाही. हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. कायदा हे इतकं सरळ म्हणू शकतो यावर विश्वास बसेना.

आणि युव्हाल्डी. आमच्यापासून काही तासांवरचं गाव. २४ मे २०२२. शाळेतल्या गोळीबारात एकोणीस मुलं, दोन शिक्षिका गेल्या. शाळेच्या बोळात शस्त्रधारी पोलीस उभे होते आणि वर्गाचं दार उघडून आत शिरायला सत्त्याहत्तर मिनिटं गेली. मित्र युव्हाल्डीचं नाव बंदुकीच्या विरोधात काढतो, आणि त्याचंही म्हणणं मला मान्य आहे. ज्याने मुलं मारली तो अठरा वर्षांचा होता आणि त्याने रायफली कायदेशीरपणे विकत घेतल्या होत्या. ज्या वयात इथे बिअर मिळत नाही त्या वयात तसलं हत्यार मिळणं मला भयंकर वाटतं. हे मी इथल्या शेजाऱ्यांनाही तोंडावर सांगते. दोन व्यक्तींमधल्या खाजगी विक्रीतही खरेदीदाराची तपासणी व्हावी असं माझं मत आहे, आणि ते ऐकून काही जणांनी माझ्याशी बोलणं कमी केलं. पण युव्हाल्डीच्या त्या सत्त्याहत्तर मिनिटांचं काय करायचं, ते मित्र मला सांगत नाही.

मी पिस्तुलाकडे वळले ती मात्र या बातम्यांनी नव्हे. एका रुग्णबाईंमुळे वळले.

पहिल्या भेटीत आम्ही प्रत्येकाला विचारतो, तुम्हाला पुन्हा काय करता यायला हवं? उपचार त्यावर बेतायचे असतात. कोणी म्हणतं, बरणीचं झाकण उघडता यावं. कोणाला नातवाला उचलायचं असतं. ऐंशीच्या पुढच्या एका रँचवरच्या विधवा बाईंचं मनगट पडून मोडलं होतं. प्लास्टर निघून हात काटकीसारखा झालेला. त्या म्हणाल्या, ‘मला माझ्या पिस्तुलाचं स्लाइड मागे ओढता यायला हवं.’ मी लिहून घेता घेता थांबले. त्या थांबल्या नाहीत. पंधरा वर्षं या घरात एकटी राहते आहे, म्हणाल्या. झाकण उघडलं नाही तर लोणचं खाणार नाही, पण स्लाइड ओढता आलं नाही तर मला मुलाकडे डॅलसला जाऊन राहावं लागेल, आणि तिथे मी मरून जाईन.

आम्ही आत असताना घरातलं शस्त्र कुलपात असलं पाहिजे असा आमचा नियम. तेव्हा मी नुसत्या हालचालीवर काम केलं. पुटी दाबणं, रबराचे पट्टे, मुठीची पकड, मनगट न वाकवता कोपरातून ढकलणं. दुबळ्या हाताने ओढायचं नाही. स्लाइड छातीजवळ घट्ट धरायचं आणि चांगल्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं, म्हणजे जोर खांद्याचा लागतो, बोटांचा नाही. ही युक्ती त्यांनाच ठाऊक होती. ती का चालते ते मी त्यांना सांगितलं. काही आठवड्यांनी दारातच त्यांनी मला सांगितलं, ‘जमलं.’ गुडघा वाकायला लागल्यावर किंवा जिना चढता आल्यावर रुग्णांच्या तोंडावर जो आनंद दिसतो, अगदी तोच होता. त्या घरातून परत येताना मी गाडीत बराच वेळ विचार करत होते. आपल्याच घरात आपल्या मर्जीने राहता यावं म्हणून कोणी काठी मागितली असती तर मी क्षणभरही थांबले नसते.

नवऱ्याला पटवायला वेळ लागला. तो म्हणाला, आपण इथे पाहुणे आहोत, पाहुण्याने हत्यार बाळगू नये. एका अर्थी ते कायद्यानेही खरं होतं. एच-वन व्हिसावर असलेल्याला, मोजके अपवाद सोडले तर, इथे बंदूक जवळ ठेवता येत नाही. ग्रीन कार्ड आल्यावरच हा दरवाजा उघडतो, आणि भारतीयांना ग्रीन कार्डची किती वाट बघावी लागते हे वेगळं सांगायला नको. आम्ही तोवर नागरिक झालो होतो. मी त्याला म्हटलं, कर भरतो, मत देतो, ज्यूरीत बसतो, मग पाहुणे केव्हापर्यंत? त्यावर तो काही बोलला नाही, पण दुकानात माझ्याबरोबर आला. आणि परवान्याच्या वर्गालाही माझ्या शेजारी बसला.

टेक्सासमध्ये २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. माझ्या मते हा कायदा करायला नको होता. मी परवाना घेतला आणि तो चालू ठेवते. त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात, वर्ग करावा लागतो, लेखी परीक्षा असते आणि मग मैदानात पन्नास गोळ्या: वीस तीन यार्डांवरून, वीस सात यार्डांवरून, दहा पंधरा यार्डांवरून. अडीचशेपैकी पावणेदोनशे गुण हवेत. समोर काळ्या माणसाकृतीचा कागद टांगलेला असतो. मी आयुष्यभर शरीराचे नकाशे बघत आले. पण छातीच्या मधोमध वर्तुळ काढलेलं शरीर प्रथमच पाहिलं आणि हात थरथरला. शिक्षकाने ते पाहिलं. तो म्हणाला, थरथरू दे, चाप हळू दाब. अनेक पिस्तुलांचा चाप पाच-साडेपाच पौंडांच्या जोराने सुटतो. म्हणजे अडीच किलो, एका बोटाच्या टोकावर. माझ्या रुग्णबाईंना एवढा जोर परत मिळवायला दोन महिने लागले होते.

त्या वर्गात सर्वांत जास्त वेळ गेला तो गोळी न झाडण्याच्या नियमांवर. प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं समजायचं. ज्याचा नाश करायची तयारी नाही त्याच्या दिशेने नळी वळवायची नाही. लक्ष्यावर नेम येईपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. लक्ष्य कोणतं आणि त्याच्या मागे काय आहे, हे ओळखल्याशिवाय झाडायचं नाही. हा शेवटचा नियम माझ्या मनात घर करून राहिला. इथल्या घरांच्या आतल्या भिंती नुसत्या जिप्समच्या पातळ फळ्यांच्या. गोळी एका खोलीतून दुसरीत सहज जाते. तेव्हापासून मी माझ्याच घरात उभी राहून बघत आले की कोणत्या भिंतीमागे कोण झोपतं, खिडकीबाहेर शेजाऱ्याची गुरं कुठे असतात. पाहुणे आले की हा हिशेब पुन्हा मांडते.

या राज्यात परवाना आला तो किलीनमधल्या एका खाणावळीतल्या हत्याकांडानंतर. १६ ऑक्टोबर १९९१, ल्यूबीज नावाचं कॅफेटेरिया, तेवीस माणसं मारली गेली. सुझॅना ग्रेशिया आईवडिलांबरोबर तिथे जेवत होती. व्यवसायाने कायरोप्रॅक्टर, म्हणजे माझ्यासारखीच सांध्यामणक्यांशी काम करणारी. तिचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण तेव्हाच्या कायद्याने ते जवळ बाळगणं गुन्हा होता आणि पकडली गेली असती तर तिची व्यवसायाची सनद जाण्याची भीती होती. वडील मारेकऱ्यावर धावून गेले आणि पडले. ती खिडकीतून बाहेर पडली. आई नवऱ्यापाशी थांबली. दोघंही गेले. पुढे तिने विधिमंडळांपुढे साक्षी दिल्या, १९९५ साली कायदा झाला, १९९६ साली ती स्वतः निवडून आली. तिच्या हातात रिव्हॉल्व्हर असतं तर काय झालं असतं, हे कोणी सांगू शकत नाही. मला तिच्या साक्षीतलं एवढंच पुरतं, की कायदा पाळला म्हणून ती तिथे निःशस्त्र बसलेली होती.

‘आणि मार्टिन ल्यूथर किंग?’ पुण्याची मैत्रीण विचारते. तिला वाटतं, त्या नावापुढे माझं बोलणं संपेल. १९५६ च्या जानेवारीत माँटगोमेरीला किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. बायको आणि तान्ही मुलगी घरात होत्या. त्यानंतर त्यांनी पिस्तुलाचा परवाना मागितला होता. तो नाकारला गेला. तो द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर होतं, आणि कृष्णवर्णीयाच्या बाबतीत अधिकाऱ्याची मर्जी काय असणार ते उघड होतं. पुढे किंग यांनी घरातलं शस्त्रही काढून टाकलं आणि ते त्या निर्धाराने जगले, हेही मी तिला सांगते. त्यांच्या पायाची धूळ व्हायची माझी लायकी नाही. पण निःशस्त्र राहण्याचा निर्णय त्यांचा होता, तसा परवाना मागण्याचाही त्यांचाच होता. दुसऱ्याने तो निर्णय परस्पर घ्यावा, हे मला खटकतं. आपल्याकडेही इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रबंदीचा कायदा आणला तो आपल्या भल्यासाठी नव्हता. माझ्या आजोळी, सिंधुदुर्गात, रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक खुंटीला असायची. निवडणूक आली की आजोबा ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेऊन येत आणि देव्हाऱ्यातल्या पंचांगात जपून ठेवत. त्या घरात बंदुकीला ना कोणी भ्यायचं, ना कोणी तिची बढाई मारायचं.

रोजचं बाळगणं कसं असतं, ते मैत्रिणींनी कधी विचारलं नाही. सकाळी अंघोळ झाली की पट्टा. साधा नव्हे, जाड, न वाकणारा. उजव्या खुब्यामागे होल्स्टर. वर सैल सदरा. पिस्तूल तपासायचं, घालायचं, आरशात बघायचं, मग दिवसभर त्याला हात लावायचा नाही. रुग्णाच्या घरासमोर गाडी थांबवली की गाडीतल्या पेटीत कुलूपबंद, कारण आत न्यायला आमच्या कंपनीची मनाई. पुन्हा गाडीत, पुन्हा पट्ट्यावर. दुकानांच्या दारावरच्या पाट्या वाचायच्या. इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, इंचभर उंच अक्षरांत ‘इथे नको’ लिहिलेलं असेल तिथे न्यायचं नाही. ज्या बारची निम्म्याहून अधिक कमाई दारूची, तिथे लाल अंकांत ५१ टक्के लिहिलेलं असतं, तिथेही नाही. मराठी मंडळाचा गणपती शाळेच्या सभागृहात असतो, तेव्हा साडी नेसायची आणि पिस्तूल गाडीत कुलपात. शाळेच्या आसपास हजार फुटांत ते नेणं केंद्राच्या कायद्याने गुन्हा. राज्याचा परवाना असलेल्याला सूट आहे. परवाना चालू ठेवण्याचं हेही एक कारण.

आणि भांडण करायचं नाही. पार्किंगची जागा कोणी हिसकावली, हॉर्न वाजवला, ‘आपल्या देशात परत जा’ म्हणाला, तरी खिडकीची काच वर करायची आणि निघून जायचं. पूर्वी मी उत्तर द्यायचे. फटकळ म्हणून प्रसिद्धच होते. आता देत नाही. माझ्या कमरेला जे आहे त्यामुळे कुठलाही वाद चुकीच्या दिशेने गेला तर कुठवर जाईल, हे मला ठाऊक आहे आणि समोरच्याला नाही. म्हणून माघार मीच घ्यायची. दारूचा घोट घेतला तर पिस्तूल तिजोरीत. टेक्सासच्या कायद्यात रात्रीच्या वेळी चोराच्या हातातला माल सोडवायलाही काही परिस्थितीत प्राणघातक बळ वापरायची मुभा आहे. मला ती मुभा नको. टीव्ही नेऊ दे, गाडी नेऊ दे, माझे दागिने नेऊ दे. माझ्या किंवा माझ्यासोबतच्या माणसाच्या जिवावर कोणी उठला आणि पळायला जागा उरली नाही, एवढ्या एकाच वेळेसाठी ते आहे.

‘आणि खरंच झाडशील?’

हो. गोळी लागलेल्या माणसाला चालायला शिकवलं आहे मी. मांडीचं हाड फुटलेलं, पायाला जाणारा मज्जातंतू तुटलेला, पाऊल लोंबणारं, स्प्लिंटशिवाय उंबरठा ओलांडता न येणारं. गोळी काय करते हे मी सिनेमात नाही, हातात धरून पाहिलं आहे. हे पाहूनही मी ठरवलेलं आहे. ज्याने हे आधी ठरवलेलं नाही त्याने पिस्तूल बाळगूच नये, असं मला वाटतं. ऐन वेळी घुटमळणाऱ्या हातातून ते दुसऱ्याच्या हाती जातं. झाडावी लागली तर त्यानंतरची प्रत्येक रात्र माझी असेल. त्या रात्रींसाठी मी कोणाकडे सहानुभूती मागणार नाही.

आता ऑस्टिनच्या मैत्रिणीचं. तिच्या शेजारच्या घरातला कॉलेजातला मुलगा एका दुपारी वडिलांच्या कपाटातल्या पिस्तुलाने जीव देऊन गेला. तिने त्याला लहानपणापासून पोळीचा लाडू भरवला होता. म्हणून ती चहा टाकायला उठते. तिच्यापुढे माझी कुठलीच बाजू चालत नाही, कारण ती जे जाणते ते खरं आहे. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. जीव द्यायला औषधाच्या गोळ्या खाल्लेली बरीचशी माणसं वाचतात आणि नंतर जगतात; पिस्तूल वापरणारी दहातली जवळपास नऊ वाचत नाहीत. ज्या घरात पिस्तूल आहे त्या घरात उंबरठ्याबाहेरच्या धोक्याइतकाच, बहुतेक वेळा त्याहून मोठा, धोका आत असतो. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. पण मी काय केलं, ते तिला सांगितलं पाहिजे.

नवरा गेला त्या हिवाळ्यात आमचा मुलगा येऊन राहून परत गेला आणि घर रिकामं झालं. दुर्बीण अंगणात तशीच उभी. एका संध्याकाळी मी तिजोरीसमोर उभी होते, कशाला ते आठवत नाही, बहुधा कागदपत्रांसाठी. पिस्तुलावर नजर गेली आणि ती हलेना. मनात काही आलं असं नाही. नजर हलली नाही एवढंच. मी रुग्णांत हे पाहिलेलं आहे. ज्या गोष्टीकडे पाहू नये तिथे नजर थांबते, ते मला ओळखता येतं. मी गोळ्या काढल्या, पिस्तूल पेटीत घातलं, पेटीला कुलूप लावलं आणि गाडी काढून शेजाऱ्याच्या फाटकाशी गेले. सत्तरीचा रँचर, कमी बोलणारा. म्हटलं, हे थोडे दिवस तुमच्याकडे ठेवा. त्याने का म्हणून विचारलं नाही. पेटी घेतली, आत जाऊन स्वतःच्या तिजोरीत ठेवली, बाहेर येऊन टोपी काढून उभा राहिला. त्याची बायको कॉर्नब्रेड बांधून घेऊन आली.

ते महिने मी त्याच रस्त्यांवरून रिकाम्या कमरेने गेले. पंचवीस मिनिटं तेवढीच होती. पण त्या दिवसांत आतला धोका बाहेरच्याहून मोठा होता आणि तो तोलून मी पिस्तूल दूर केलं. ब्लूबॉनेट येऊन गेले, उन्हाळा लागला, तेव्हा मी परत मागायला गेले. म्हाताऱ्याने लगेच दिलं नाही. ओसरीवर बसवलं. झोप लागते का, विचारलं. जेवण जातं का. मुलाशी बोलणं होतं का. आकाश बघता का अजून. शेवटच्या प्रश्नाला मला रडू आलं. तो थांबला, आणि मी हो म्हटल्यावर आत जाऊन पेटी घेऊन आला. पिस्तूल देण्याघेण्याचे कायदे या देशात शेकड्यांनी आहेत. त्या ओसरीवर त्याने मला जे चार प्रश्न विचारले, ते विचारायला कोणी असेल त्यानेच हे घरात आणावं, असं मी आता ज्याला त्याला सांगते. आणि तसं कोणी नसेल तर आणू नका, असंही.

पुण्याची मैत्रीण येत्या मार्चमध्ये येते म्हणाली आहे, फुलं बघायला. तिने काल विचारलं, मी तिथे असताना ते कुठे असेल? तर ऐक. रात्री ते माझ्या खोलीतल्या तिजोरीत असेल, आणि तिची कळ फक्त माझ्या बोटांना ठाऊक आहे. तुझी खोली दुसऱ्या टोकाला दिली आहे. मधे पुस्तकांची दोन कपाटं भिंतीला लावून घेतली, ते तुला आल्यावर दाखवेन. तुला बघायचं असेल तर रिकामं करून दाखवेन, नको असेल तर नजरेला पडणार नाही. घरात तू सांगशील तसं. पण फुलं बघायला विलो सिटीच्या रस्त्यावर जाऊ तेव्हा ते माझ्या अंगावर असेल. त्या रस्त्यावर अर्ध्या वाटेत रेंज जाते, आणि गाडीत तू असशील. तुला हे चालणार नसेल तर आत्ताच सांग. मग त्या दिवशी आपण ऑस्टिनलाच राहू, तिथेही बागांत फुलं असतात, आणि आपल्या मैत्रिणीकडे जेवायला जाऊ. तिला मला शेजाऱ्याच्या ओसरीवरचं सगळं सांगायचं आहे, आणि त्या वेळी तू बरोबर असलीस तर मला बरं पडेल.